बर्टविसल कुठून आले

नंदाबाई येतील असं ममताला शेवटपर्यंत वाटलं नव्हतं. हनवत्यांच्या घरातलं माणूस आजवर या घराची पायरी चढलं नव्हतं. लग्नाचं बोलावणं नाही, मयतीचा निरोप नाही. पण रविवारी साडेअकराच्या सुमाराला पुसदच्या त्या गल्लीत ऑटो थांबला, ममताचा धाकटा दीर संघर्ष आधी उतरला आणि त्यानं हात देऊन एका वाळक्या, ताठ म्हातारीला खाली घेतलं. ममता हातातला झारा तसाच ठेवून बाहेर आली आणि पाया पडली.

नंदाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग दाराशेजारच्या पाटीकडं पाहिलं. वाचता येत नसावं, पण पाटी कसली आहे ते कळलं असावं. 'बाबाराव संभा बर्टविसल, निवृत्त वाहक, रा. प. महामंडळ.' पाटीखालून वाकून जावं तशा त्या आत आल्या.

ममताला या नावाचा राग लग्नापासून होता. माहेरच्यांनी तेव्हाच विचारलं होतं, हे कसलं आडनाव, पोरगी किरिस्तावात देऊन राह्यले का. डेपोत सासऱ्यांना सगळे व्हिसल म्हणत. गॅसच्या नोंदणीत कोणी बरटवसे केलं, रेशनकार्डावर बर्टीसाल झालं. दर वेळी दुरुस्तीचा अर्ज तिनंच लिहायचा. पण गेल्या पाच महिन्यांत तो राग नुसता त्रासाचा राहिला नव्हता.

तिची लेक प्रियंका वनरक्षक झाली होती. चार तासांत सोळा किलोमीटर चालून दाखवायचं असतं, ते तिनं सव्वातीन तासांत केलं होतं. खाकी गणवेश घालून ती पहिल्यांदा घरी आली, त्या दिवशी बाबाराव गल्लीच्या टोकापर्यंत तिच्या मागं चालत गेले होते. नोकरीत रुजू झाल्यावर सहा महिन्यांत जात पडताळणीचं प्रमाणपत्र द्यायचं होतं. घरात कोणालाच काळजी नव्हती. धम्मरत्नच्या, म्हणजे प्रियंकाच्या वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध' लिहिलेलं होतं. पण चौकशीला आलेल्या माणसांना स्वातंत्र्याच्या आसपासचा कागद हवा असतो. त्यांनी यवतमाळच्या एका शाळेतून १९४९ सालच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढून आणला. नाव: बाबाराव संभा बर्टविसल. जात: ख्रिश्चन.

नोटीस आली त्या दिवशी धम्मरत्ननं ती तीनदा वाचली. तो खाजगी शाळेत लिपिक होता. रजिस्टरात एकदा चढलेली नोंद काय असते, हे त्याला घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. ज्याला ख्रिश्चन लिहिलंय त्याच्या नातीनं अनुसूचित जातीची जागा कशी मागितली, याचा खुलासा मंगळवारी समितीसमोर करायचा होता. वकिलानं एकच वाट सांगितली: बापाकडच्या रक्ताच्या नात्यातलं एखादं पडताळणी झालेलं प्रमाणपत्र, आणि नातं सांगणारं शपथपत्र.

रक्ताचं नातं म्हणजे फुलसावंगीजवळचे हनवते. बाबारावांचे वडील संभा आणि तिथला भिवा सख्खे भाऊ. भिवाची लेक नंदाबाई. ऐन तरुणपणी नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली आणि तिथंच राहिली. भाऊ-भावजय गेल्यावर भावाचा नातू सुमेध तिनंच वाढवला. सुमेध ग्रामसेवक होता, त्याच्याकडं पडताळणीचं प्रमाणपत्र होतं. आणि संभा नि भिवा एका आईच्या पोटचे, हे सांगणारं नंदाबाईशिवाय जिवंत कोणी उरलं नव्हतं.

ममतानं पाण्याचा तांब्या पुढं केला. नंदाबाई पाणी प्याल्या, भाकर आणि वांग्याची भाजीही जेवल्या, वर अजून थोडी मागून घेतली. ममताच्या छातीवरचं ओझं जरा हललं. जेवणारं माणूस नाही म्हणायला आलेलं नसतं, असं तिला वाटलं.

बाबाराव पलंगावर बसून होते. ब्याऐंशी वर्षांचे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी नंदाबाईंना जयभीम केला, नंदाबाईंनी जयभीम घेतला, एवढंच.

*

मामाआजोबांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी हजारदा ऐकलेली गोष्ट संघर्षकाकानं पुन्हा सांगायला घेतली, तेव्हा प्रियंका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. काकाचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं, पण एप्रिलमध्ये त्याला तालुकाभर भाषणांची बोलावणी असत. ही गोष्ट प्रत्येक भाषणात यायची. यवतमाळला कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसमध्ये बॉयलर फाटला, वाफेच्या लोटात शिरून संभानं बर्टविसल साहेबाला ओढून काढलं, आणि त्याच महिन्यात संभाला मुलगा झाला म्हणून साहेब त्यांच्या खोलीवर आला. बाळाला हातात घेऊन म्हणाला, आजपासून हा माझं नाव लावील.

"आत्या, आमी बाटलो नवतो," काका म्हणाला. "साहेबानं इज्जतीनं नाव देलं, मास्तरनं नावावरून जात लिहून टाकली. चूक मास्तरची. आता तर विलायतेहून कागद आलाय. प्रिया, वाच थो मेल."

प्रियंकाला माहीत होतं की हे होणार. फेब्रुवारीत तिनंच लिहिलं होतं, फोनवर भाषांतर करून. या आडनावाचा चाळीस वर्षं अभ्यास करणाऱ्या इंग्लंडमधल्या एक निवृत्त शिक्षिका तिला सापडल्या होत्या. साहेबानं नाव दिल्याचा काही पुरावा मिळाला तर समितीला दाखवता येईल, एवढीच आशा होती. उत्तर येऊन दहा दिवस झाले होते. तिनं घरात फक्त एवढंच सांगितलं होतं की नावाचा इतिहास आलाय, छान आहे. खालचा भाग कोणाला दाखवला नव्हता.

"नंतर वाचते काका."

"नंतर कवा? मंगळवारी?"

ती वाचायला लागली. हे नाव लँकेशायर नावाच्या भागातलं. जुन्या इंग्रजीत पाखराच्या पिलाला ब्रिड म्हणत आणि दोन ओढे जिथं मिळतात त्या बेचक्याला ट्विसल. पाखरांच्या पिलांचं बेचकं, असं त्या जागेचं नाव, आणि तिथं असलेल्या वाडीचंही. ती वाडी कित्येक शतकांपूर्वी उठली, आता तिथं नुसती कुरणं आहेत. बाईंनी लिहिलं होतं की गावात राहणाऱ्या माणसाला गावाचं नाव कोणी लावत नाही, सगळेच तिथले असतात. नाव लागतं ते निघून गेलेल्याला. म्हणून जगात जेवढे बर्टविसल आहेत, ते सगळे कधी ना कधी त्या वाडीतून बाहेर पडलेल्यांचे वंशज, आणि परत जायला वाडीच नाही. पुढं त्या भागात कापडाच्या गिरण्या आल्या. या नावाची माणसं विणकर झाली, फिटर झाली. त्यातला एक वॉल्टर १९०९ साली वऱ्हाडात कापसाच्या प्रेस बसवायला गेला.

"आयकलं का?" काका म्हणाला. "वॉल्टर साहेब. पुढं?"

प्रियंकानं आजोबांकडं पाहिलं. आबांचे पांढुरके डोळे तिच्या आवाजाच्या दिशेला लागले होते. त्यांनी मान किंचित हलवली. वाच म्हणाले की नको म्हणाले, ते तिला कळलं नाही.

पुढं एवढंच होतं की वॉल्टर १९२७ साली तापानं खंगून परत गेला आणि १९३२ साली वारला. लग्न केलं नव्हतं. त्याची पत्रं पुतणीकडं राहिली, ती बाईंनी सगळी वाचली होती. संभा नावाच्या माणसाचा त्यात उल्लेख नव्हता. बॉयलर फाटल्याचाही नव्हता. या नावाचा दुसरा कोणी त्या भागात कधी गेला नाही. तुमच्या आजोबांचा जन्म १९४३ चा असेल तर मला वाईट वाटतं, असं शेवटी लिहिलं होतं.

धम्मरत्ननं हिशोब आधी केला. "बाबांच्या जन्माच्या अकरा वर्षं आधी साहेब मेला," तो कोणाकडं न बघता म्हणाला.

कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या कांताबाईंनी, प्रियंकाच्या आजीनं, हातातली पाकळी ताटलीत ठेवली. "मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "सांगून टाका आता. कोनासाठी ठेवता?"

*

बाबारावांना ते सांगायला फार शब्द लागले नाहीत. इतकी वर्षं ते मनात पाठ होतं.

साहेबाला त्यांच्या बापानं कधी पाहिलंही नसावं. संभा गाव सोडून यवतमाळला आला तो पुष्कळ नंतर. प्रेसमध्ये तो बॉयलरवर कोळसा टाकायचा. बॉयलरवर पितळेची पाटी होती, तो बसवणाऱ्याचं नाव कोरलेली. संभाला अक्षर येत नव्हतं. त्यानं फोरमनला विचारून ते नाव तोंडपाठ केलं, आणि महिनाभर कामावर जाताना-येताना घोकलं. शाळेत आपल्या जातीच्या मुलांना व्हरांड्यात बसवत. कायद्यानं ते बंद झालं होतं, वर्गात झालं नव्हतं. खिडकीतून फळ्याचा जेवढा तुकडा दिसेल तेवढा पाहायचा.

"मास्तरनं इचारलं, आडनाव काय. बाप म्हने बर्टविसल. जात इचारली. बाप म्हने किरिस्ताव." बाबाराव थांबले. "मास्तरनं वर पाह्यलं. पन लिहून घेतलं. मी आत बसलो. दुसऱ्या बाकावर."

छपन्न साली संभा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, पण नाव तसंच राहिलं, कारण मुलाचे सगळे दाखले त्या नावाचे झाले होते. साहेबाची गोष्ट बाबारावांनी रचली. डेपोत पहिल्याच वर्षी कोणी तरी विचारलं, आणि त्यांनी बॉयलर फोडला. मग प्रत्येक वेळी थोडी थोडी वाढत गेली.

संघर्ष उठून उभा राहिला. त्याचा चेहरा नीट दिसत नसल्याचं बाबारावांना बरं वाटलं, पण आवाज ऐकू येत होता. पंचवीस वर्षं आपण हजारो लोकांपुढं हे बोललो, तो म्हणाला, आणि हे माहीत असून तुम्ही पहिल्या रांगेत बसून ऐकलंत. मग जरा खालच्या आवाजात त्यानं विचारलं, "आन व्हरांड्यात बसून होते थे? थे तुमाले दिसत होते का आतून?"

"दिसत होते."

संघर्ष अंगणात निघून गेला. काल रात्रीपर्यंत हाच पोरगा बापाच्या बाजूनं सगळ्यांशी भांडत होता. आता बाबारावांच्या शेजारी येऊन बसली ती ममता. पाच महिने ती त्यांच्याशी कामापुरतं बोलत होती. तिनं त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाली, बापानं लेकराला सावलीत बसवलं, यात मामाजींनी काय पाप केलं. आपण प्रियासाठी आज काय करून राह्यलो.

बाबारावांनी पेला तोंडाला लावला नाही. खरी गोष्ट अजून राहिली आहे, हे त्यांना ठाऊक होतं. समोरच्या सतरंजीवर बसलेल्या बाईलाही ठाऊक असणार.

"आन माह्या बापाचं?" नंदाबाईंनी विचारलं.

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, जसं त्यांच्या बापानं मरेपर्यंत त्यांना सांगितलं होतं. पन्नास सालच्या थंडीत म्हातारी, म्हणजे संभा-भिवाची आई, खाटेला लागली. संभाचं नाव घेऊन घेऊन तिचा घसा बसला. भिवा कधी बसनं, कधी पायी असा यवतमाळला पोचला. भावाचं बिऱ्हाड त्याला माहीत नव्हतं, पुतण्याची शाळा तेवढी ऐकून माहीत होती. तो फाटकाशी गेला. निरोप ठेवून परत आला. म्हातारी आणखी तीन दिवस होती. संभा आला नाही. आला तो महिन्यानं, आणि भिवानं त्याच्या तोंडावर दार लावलं.

"दोघंबी नागपूरले गेलते दीक्षेले," नंदाबाई म्हणाल्या. "एकाच मैदानात. मांगून समजलं. पन बोलले नाई. माहा बाप म्हने, ज्यानं निरोप भेटून मायले खांदा देला नाई, थो माहा कोनी नाई."

बाबारावांना वाटलं होतं की हे आपल्याबरोबर जाईल. कांतालाही सांगितलं नव्हतं. शाळेचं खोटं बापाचं होतं, ते सांगता आलं. हे त्यांचं स्वतःचं होतं.

"नंदा," ते म्हणाले, "माह्या बापाले निरोप भेटलाच नाई."

त्या दिवशी मधल्या सुट्टीत फाटकाशी भिवाकाका उभा होता. डोक्याला मुंडासं, पायात काही नाही. बाबू, म्हातारी चालली, बापाले घेऊन लवकर ये, एवढं तो ओरडून म्हणाला. मास्तरांनी बाबूला विचारलं, हा कोण. सहा वर्षांच्या बाबूनं आजूबाजूला पाहिलं. दुसऱ्या बाकावरची मुलं ऐकत होती.

"मी म्हनलं, मले नाई माहीत."

शिपायानं भिवाला हाकललं. संध्याकाळी बाप कामावरून आला, भाकर खाल्ली, मुलाला फळ्यावर काय लिहिलं ते विचारलं. बाबूनं अक्षरं सांगितली, दुसरं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मास्तरांना काय म्हणालो तेही सांगावं लागलं असतं. पुढं बाप गावाहून रडत परत आला आणि म्हणाला, भिवानं मले कळवलं बी नाई. तेव्हाही बाबू बोलला नाही. बाप ब्याऐंशी साली गेला, तोवर बोलला नाही.

"माहा बाप तुह्या बापावर रुसून मेला," बाबाराव म्हणाले, "आन तुहा बाप माह्या बापावर. मधात मी होतो."

*

नंदाबाईंनी पदर सारखा केला. त्यांच्या छातीत काही तरी मोकळं व्हायला हवं होतं, ते झालं नाही. साठ-सत्तर वर्षं सांभाळलेला राग असा एकाएकी कोणाचाच राहिला नाही, आणि त्याच्या जागी काय ठेवायचं ते त्यांना कळेना. एका सहा वर्षांच्या पोराचा राग कसा करायचा? पलंगावरचा हा म्हातारा तर त्यांना भिवासारखाच दिसत होता. तेच पुढं आलेलं कपाळ, बोलताना ओठ चावायची तीच खोड. सकाळी दारातच त्यांना ते दिसलं होतं.

सून रडत होती. म्हातारी कांताबाई भिंतीकडं तोंड करून बसली होती. नवऱ्यानं आपल्यालाही सांगितलं नाही, हे तिला लागलं असणार. पोरगी मात्र उंबऱ्यातून हलली नव्हती. तिचे खांदे हनवत्यांच्या बायकांचे होते, रुंद. सुमेधच्या आईचे तसे नव्हते, नंदाबाईंचे होते.

धम्मरत्न पिशवीतून कागद काढत होता. नंदाबाईंसमोर येऊन त्यानं टाइप केलेलं शपथपत्र सतरंजीवर पसरलं आणि कुठं अंगठा द्यायचा ते दाखवलं. आत्या, जे झालं ते झालं, तो म्हणाला, मेलेल्यांचं भांडण आता मिटलं असं समजा. नंदाबाईंचा हात पुढं आला नाही तेव्हा त्या पंचावन्न वर्षांच्या माणसानं खाली वाकून त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. ते त्यानं लवकर उचललं नाही.

त्यांनी त्याला दोन्ही हातांनी उठवलं.

"बापू, मी सही करायले आलीच नवती," त्या म्हणाल्या. "नाई म्हनायले आलती. तुमच्या घरात बसून, तुमचं अन्न खाऊन नाई म्हनायचं, आन माह्या बापाचं उट्टं काढायचं, असं ठरवून आलती."

"मंग आता?" दारातून संघर्षनं विचारलं. तो कधी परत येऊन उभा राहिला होता ते कोणी पाहिलं नव्हतं.

आता नंदाबाईंना ते सांगावं लागलं. सुमेधनं यवतमाळच्या वकिलाला विचारलं होतं. ज्यांच्या कागदावर ख्रिश्चन लिहिलंय ते आमच्या रक्ताचे, असं आपणच लिहून दिलं, तर उद्या कोणी अर्ज करून सुमेधचं प्रमाणपत्रही पुन्हा उघडायला लावू शकतो. निकाल काय लागेल ते वकील सांगू शकत नव्हता. सुमेधनं हात जोडून विनवलं होतं: आजी, त्यांच्याकडं जा, जेव, पण अंगठा देऊ नको. त्याची दोन लेकरं, एक बायको, आजारी मेहुणा. सगळं त्या एका कागदावर उभं होतं.

"राग होता तवा नाई म्हननं सोपं होतं," त्या म्हणाल्या. "आता राग बी नाई राह्यला. तरी नाईच म्हनते."

कोणीही त्यांना दोष दिला नाही. हेच नंदाबाईंना सहन झालं नाही. कोणी दोन शब्द टाकून बोललं असतं तर बरं झालं असतं. संघर्ष नुसता चौकटीला टेकला. धम्मरत्ननं कागद उचलून, घडीवर घडी घालून, पुन्हा पिशवीत ठेवला.

त्यांना बसस्टँडवर सोडायला प्रियंकाच गेली, स्कुटीवर. उन्हानं रस्ता रिकामा होता. बस लागेपर्यंत दोघी शेडमध्ये बसल्या. नंदाबाईंनी विचारलं, जंगलात भीती वाटत नाही का. प्रियंका म्हणाली की सुरुवातीला वाटली, आता पायवाटा ओळखीच्या झाल्या, पाणवठ्यावरचे पायठसे मोजायला ती एकटी जाते. बोलताना तिचा चेहरा उजळला आणि लगेच विझला.

बसच्या पायरीवर चढताना नंदाबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "तुले पाह्यलं नसतं तर बरं झालं असतं, बाई," त्या म्हणाल्या, आणि खिडकीशी न बसता आतल्या बाजूला जाऊन बसल्या.

*

मंगळवारी बाबाराव यवतमाळला गेले. तुम्ही येऊन काय होणार, असं धम्मरत्न म्हणाला, पण त्यांनी ऐकलं नाही. समितीच्या समोर खुर्ची दिली तरी ते उभे राहिले. पितळेच्या पाटीपासून फाटकापर्यंत सगळं त्यांनी सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, आमी हनवते, आमी महार होतो, माह्या बापानं माह्यासाठी खोटं लिहून घेतलं, त्याची सजा या पोरीले देऊ नका. अधिकारी बाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. त्यांनी पाणी मागवलं, लिहिणाऱ्याला सावकाश लिहायला सांगितलं, जबाब पूर्ण वाचून दाखवला. मग हळूच विचारलं, आजोबा, याला आधार देणारा एखादा कागद आहे का. नव्हता.

परतीच्या बसमध्ये बाबाराव बरेच दिवसांनी मोकळं बोलले. प्रियंकाला ते म्हणाले, बाईनं सगळं लिहून घेतलं, एकबी शब्द गाळला नाही. इतकी वर्षं जे सांगायचं होतं ते सरकारी कागदावर चढलं, आता काही तरी होईल. खिडकीतून येणाऱ्या गरम वाऱ्यातच ते मग झोपले. घरी आल्यावर कांताबाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत. दोन वेळचं ताट पुढं ठेवत, एवढंच. संघर्ष येत होता, अंगणातूनच आईशी बोलून जात होता. जयंतीच्या भाषणांना यंदा त्यानं सगळीकडं नाही कळवलं.

आदेश एकोणीस दिवसांनी आला. प्रियंका घरीच होती. बाकीचे आपापल्या कामाला गेले होते, आजी शेजारी गेली होती. पोस्टमनचा आवाज ऐकून बाबारावांनी तिला पलंगाजवळ बोलावलं आणि वाचायला सांगितलं.

तिनं आधी मनात वाचलं. चार पानं होती. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: 'अर्जदाराच्या आजोबांनी समितीसमोर स्वतः मान्य केले आहे की, त्यांच्या वडिलांनी शाळेत जात व आडनावाबाबत जाणीवपूर्वक खोटी माहिती दिली, तसेच त्यांनी स्वतःही अनेक वर्षे या नावाबाबत काल्पनिक कथा प्रसृत केली. सबब, या कुटुंबाच्या तोंडी कथनावर विश्वास ठेवणे समितीस शक्य नाही. अर्जदाराचा दावा अवैध ठरविण्यात येत आहे.'

"काय म्हनते?" बाबारावांनी विचारलं.

"नामंजूर झालं, आबा."

त्यांचा हात चादरीवर काही तरी शोधत असल्यासारखा फिरला. "कायनं? काहून म्हनते?"

"पुरेसे कागद नाहीत म्हणून."

"माह्या जबाबाचं काय लिहिलं?"

"जबाब नोंदवला, असं लिहिलंय."

"आन?"

"बस, तेवढंच."

त्यांनी मान हलवली. उद्या तिला वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन गणवेश जमा करावा लागणार होता. तिच्या जागी यादीतली दुसरी मुलगी येईल. पाणवठ्यांची यादी तिला नीट समजावून द्यावी लागेल, असं प्रियंकाच्या मनात आलं. तिनं आदेशाची घडी घातली.

"म्हंजे माह्या बोलन्यानं काही बिघडलं नाई," बाबाराव म्हणाले.

"नाही, आबा," ती म्हणाली. "काहीच नाही."